समृद्ध राष्ट्रांचे ताट आणि आरोग्याचा ताळेबंद

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पेढीची खरी स्थिती तिच्या दर्शनी सजावटीवरून कळत नाही, ती वर्षअखेरीच्या ताळेबंदावरून कळते. राष्ट्रांच्या आरोग्याचेही असेच आहे. अमेरिका आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे १७ टक्के भाग आरोग्यसेवेवर खर्च करते. एवढा खर्च करणारे दुसरे समृद्ध राष्ट्र जगात नाही. तरीही २०२३ मध्ये तेथील सरासरी आयुर्मान ७८ वर्षांच्या आसपास होते. त्याच वर्षी जपानमध्ये स्त्रियांचे आयुर्मान ८७ आणि पुरुषांचे ८१ वर्षे होते, आणि जपानचा खर्च त्या मानाने पुष्कळ कमी आहे. खर्चाची बाजू भरभक्कम आणि जमेची बाजू लंगडी, असा हा हिशेब पाहून कोणताही मुनीम विचारात पडेल. या तफावतीला कारणे अनेक आहेत. बंदुका, वाहनांचे अपघात, मादक द्रव्ये आणि गरीब-श्रीमंतांतील दरी ही त्यांपैकी काही होत. तथापि रोजच्या ताटाचा वाटा त्यांत फार मोठा आहे, आणि आजचा विषय तेवढ्यापुरताच मर्यादित आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. विवेचनात मांस, मासे आणि मद्य यांचे उल्लेख अटळपणे येतील. ते त्या त्या देशांचे वास्तव म्हणून येतील, शिफारस म्हणून नव्हे.

फिनलंडच्या पूर्व सीमेवर, रशियाला लागून, उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. घनदाट अरण्ये, असंख्य सरोवरे, दीर्घ हिवाळा आणि विरळ वस्ती, असे त्याचे स्वरूप. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना आणि रशियाकडे गेलेल्या भागातून आलेल्या निर्वासितांना फिनलंडमध्ये जमिनीचे लहान तुकडे मिळाले. त्यांनी अरण्य तोडले, गाई पाळल्या, डुकरे पाळली. युद्धकाळात उपासमार सोसलेल्या या लोकांच्या घरी दूध, लोणी आणि मांस मुबलक झाले, आणि त्यातच त्यांना समृद्धीची खूण दिसली. पावावर लोण्याचा जाड थर, जेवणाबरोबर पेलाभर सायीचे दूध, खारवलेले मांस आणि खारवलेले मासे, असा नित्याचा आहार होता. भाजीपाला हे गुरांचे खाद्य, अशी त्या काळची समजूत सांगितली जाते. पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक धूम्रपान करीत.

परिणाम असा झाला की लाकूडतोडीचे कष्टाचे काम करणारे, अंगापिंडाने मजबूत पुरुष चाळिशी-पन्नाशीत हृदयविकाराने मरू लागले. १९६० नंतरच्या काळात हृदयविकाराने होणाऱ्या पुरुषांच्या मृत्यूंत फिनलंड जगात अग्रस्थानी होता आणि फिनलंडमध्ये उत्तर कारेलिया. घराघरांत विधवा होत्या.

ही गोष्ट जगापुढे आकड्यांनिशी मांडण्याचे श्रेय बऱ्याच अंशी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे शास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांच्याकडे जाते. त्यांनी १९५८ पासून सात देशांतील ४० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १२,७०० पुरुषांची पाहणी सुरू केली. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान हे ते देश. वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्यावर आढळले की हृदयविकाराचे मृत्यू पूर्व फिनलंडमध्ये सर्वाधिक आहेत, अमेरिकाही वरच्या रांगेत आहे, तर ग्रीसचे क्रीट बेट आणि जपान येथे ते अत्यल्प आहेत. क्रीटमधील शेतकरी चरबी कमी खात होता असे नाही. तो ऑलिव्हचे तेल भरपूर खात असे, परंतु लोणी आणि मांस त्याच्या ताटात क्वचितच येई. त्यावरून कीज यांनी प्राणिज चरबी, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांची साखळी जोडली.

या अभ्यासावर पुढे टीका पुष्कळ झाली. देश सोयीने निवडले, साखरेकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असे आक्षेप घेतले गेले. त्यांतील एक आक्षेप या सभागृहातील श्रोत्यांना विशेष रोचक वाटेल. ग्रीसच्या सनातनी ख्रिस्ती पंथात वर्षाचे कितीतरी दिवस उपवासाचे असतात. त्यांतही ईस्टरपूर्वीचा दीर्घ उपवास महत्त्वाचा असून त्यात मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असतात. क्रीटमधील आहाराच्या नोंदींचा काही भाग याच उपवासाच्या दिवसांत घेतला गेला होता आणि उपवासाचा वेगळा हिशेब मांडला गेला नव्हता. म्हणजे ज्या आहाराचे ‘भूमध्यसागरी आहार’ म्हणून जगभर कौतुक झाले, त्यात व्रतस्थ दिवसांचा वाटा किती, हा प्रश्न उरलाच. कीज यांच्या निष्कर्षाला त्याने मोठा धक्का बसत नाही, परंतु नोंदी ठेवणाऱ्याने तिथी पाहिली नाही ही चूक चूकच आहे. स्वतः कीज दक्षिण इटलीतील पिओप्पी या खेड्यात अनेक वर्षे राहिले आणि २००४ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी निवर्तले.

उत्तर कारेलियाच्या लोकांनी मात्र केवळ पाहणीचा विषय होऊन राहण्याचे नाकारले. जानेवारी १९७१ मध्ये प्रांताचे राज्यपाल, लोकप्रतिनिधी आणि संघटनांचे पुढारी यांनी सह्या करून सरकारकडे विनंती-अर्ज पाठविला, की आमची माणसे मरत आहेत, काहीतरी करा. १९७२ मध्ये प्रकल्प सुरू झाला आणि त्याची धुरा पेक्का पुस्का या जेमतेम २७ वर्षांच्या तरुण वैद्याकडे सोपविण्यात आली. वैद्यकाबरोबरच समाजशास्त्राचेही शिक्षण घेतलेल्या या तरुणाने एक गोष्ट लवकर ओळखली. रुग्णालयात बसून एकेका रुग्णाला उपदेश केल्याने हे काम होणारे नव्हते, कारण प्रश्न रुग्णाचा नसून साऱ्या गावाच्या सवयींचा होता.

फिनलंडमध्ये मार्था नावाची गृहिणींची जुनी संघटना आहे. तिच्या सभासद स्त्रियांनी गावोगावी मेळावे भरविले. त्यांत नेहमीचेच पदार्थ भाज्या घालून, लोणी आणि मीठ कमी करून शिजवावयाचे आणि सर्वांनी मिळून जेवावयाचे. व्याख्यान थोडे, जेवण अधिक. पारंपरिक कारेलियन रश्शातील मांस कमी करून त्यात कंदमुळे वाढविली, नाव मात्र तेच ठेवले. हा बदल स्त्रियांनी केला आणि त्याचा लाभ प्रामुख्याने पुरुषांना झाला, हे नोंदविले पाहिजे. खेड्याखेड्यांत चढाओढी लावल्या गेल्या आणि ज्या गावाचे कोलेस्टेरॉल सर्वाधिक उतरेल त्याला बक्षीस मिळू लागले. दूरचित्रवाणीवर सामान्य माणसे आपल्या सवयी कशा बदलतात, हे आठवड्यामागून आठवडे दाखविले गेले.

खरा पेच व्यापाराचा होता. हा प्रांत दुधावर जगत होता. लोणी कमी खा असे सांगणे म्हणजे शेजाऱ्याच्या पोटावर पाय देणे होते. दुग्धव्यवसायाच्या संघटनांनी विरोध केला, आणि तो स्वाभाविक होता. ज्याचे भांडवल गाईंमध्ये गुंतले आहे, त्याला आकडेवारी दाखवून भागत नाही. तेव्हा पर्यायी पिकाचा शोध सुरू झाला. थंडीमुळे संत्री-सफरचंदे तेथे नीट येत नाहीत, परंतु काळ्या मनुकांसारखी आंबट फळे आणि स्ट्रॉबेरी उत्तम येतात. १९८५ च्या सुमारास दूधउत्पादकांना अशा फळांच्या लागवडीकडे वळविण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. ती गोठवून वर्षभर विकण्याची व्यवस्था झाली. दुसरीकडे फिनलंडच्या थंडीत तग धरणारे, मोहरीच्या कुळातील रेपसीड वाढविले गेले, आणि लोण्याची जागा देशी तेलाने घेतली. सॉसेज बनविणाऱ्या स्थानिक कारखान्यानेही चरबी कमी करून त्यात अळंबी मिसळली. शेतकरी, कारखानदार आणि दुकानदार यांना बरोबर घेतल्यावाचून ग्राहकाची जीभ बदलत नाही, हे व्यापारी माणसाला सहज पटण्यासारखे आहे. आरोग्य-खात्यांना मात्र ते पटावयास सर्वत्र वेळ लागलेला दिसतो.

निष्पत्ती काय? १९७० च्या सुमाराच्या तुलनेत उत्तर कारेलियातील कामकरी वयाच्या पुरुषांमधील हृदयविकाराचे मृत्यू पुढील चार दशकांत ८० टक्क्यांहून अधिक घटले. १९७७ पासून प्रकल्पाचे धडे साऱ्या देशात नेण्यात आले. फिनिश पुरुषाचे सरासरी आयुर्मान त्या काळी ६६ वर्षांच्या आसपास होते, ते आज ७९ च्या घरात आहे. १९९३ पासून जास्त मीठ असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर तसा इशारा छापणे तेथे सक्तीचे झाले, आणि पुष्कळ उत्पादकांनी इशारा छापण्यापेक्षा मीठ कमी करणेच पसंत केले.

शंका घेणाऱ्यांचाही मुद्दा ऐकला पाहिजे. तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या कुओपिओ प्रांतातही मृत्यू घटले. धूम्रपान कमी झाले, औषधे सुधारली. मग श्रेय ताटाचे किती? अभ्यासकांनी हे खाते वेगवेगळे करून पाहिले, तेव्हा घटीचा मोठा भाग कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान यांतील उतारानेच स्पष्ट होतो, आणि त्यातही कोलेस्टेरॉलचा वाटा सर्वांत मोठा, असे आढळले. कोलेस्टेरॉलवरील आधुनिक गोळ्या सर्रास वापरात येण्यापूर्वीच बरीचशी घट झाली होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

टंचाईने घडविलेले प्रयोगही इतिहासात आहेत. जर्मनव्याप्त नॉर्वेमध्ये १९४० ते १९४५ या काळात लोणी, मांस आणि अंडी दुर्मीळ झाली, आणि रक्ताभिसरणाच्या विकारांनी होणारे मृत्यू त्याच काळात स्पष्टपणे उतरले. युद्ध संपताच आहार आणि मृत्यू दोन्ही पूर्ववत होऊ लागले. ब्रिटनमध्ये १९४० साली शिधावाटप सुरू झाले, ते १९५४ पर्यंत चालले. भरड पिठाचा पाव, बटाटे आणि परसातल्या भाज्यांवर राजापासून रंकापर्यंत सर्वांनी दिवस काढले. साखरेवरील नियंत्रण सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि साखरेचा खप थोड्याच काळात जवळजवळ दुप्पट झाला. या घटनेचा हिशेब सत्तर वर्षांनी लागला. नियंत्रण उठण्याच्या थोडे आधी आणि थोडे नंतर जन्मलेल्या मंडळींच्या प्रकृतीची तुलना करणारा अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गर्भावस्थेत आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांना साखर कमी मिळाली, त्यांच्यात प्रौढपणीच्या मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. बाळाच्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवून कौतुक करणाऱ्या आजी-आजोबांनी या आकड्यांवर जरा थांबावे.

त्याच ब्रिटनने पुढे दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. या शतकाच्या पहिल्या दशकात पाव आणि तयार पदार्थ यांतील मीठ थोडे थोडे, जिभेला जाणवणार नाही अशा बेताने कमी करविले. माणशी रोजचे मीठ साडेनऊ ग्रॅमवरून २०११ पर्यंत सुमारे आठ ग्रॅमवर आले. एप्रिल २०१८ पासून गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर बसविला. शंभर मिलिलिटरमध्ये पाच ग्रॅमच्या आत साखर असेल तर कर नव्हता. कराची घोषणा दोन वर्षे आधी झाल्यामुळे बहुतेक कंपन्यांनी साखर आधीच उतरवून ठेवली. तरीही इंग्लंडमध्ये चार प्रौढांपैकी एकाहून अधिक जण आज स्थूल आहेत. एका करावर विसंबून भागण्यासारखे हे दुखणे नाही.

अमेरिकेचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल, कारण तो बहुतेकांना ठाऊक आहे. सप्टेंबर १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि साऱ्या देशाचे लक्ष या रोगाकडे गेले. १९७७ मध्ये सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीने राष्ट्राची आहारविषयक उद्दिष्टे जाहीर केली. त्यांत मांस कमी खावे असे स्पष्ट म्हटले होते. गुरांचे व्यापारी खवळले. त्याच वर्षी सुधारित आवृत्ती निघाली आणि तीत ‘कमी खा’ जाऊन ‘चरबी कमी होईल असे मांस निवडा’ अशा अर्थाचे शब्द आले. ‘कमी’ हा शब्द बाजाराला कधीच रुचत नाही. मग चरबी काढलेल्या आणि साखर भरलेल्या वस्तूंनी दुकाने भरली. १९६० नंतरच्या आरंभीच्या पाहणीत सुमारे १३ टक्के अमेरिकी प्रौढ स्थूल होते, ते प्रमाण २०१७-१८ मध्ये ४२ टक्क्यांवर गेले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की हृदयविकाराच्या मृत्यूंचा दर तेथेही १९६० नंतरच्या दशकांत निम्म्याहून खाली आला. रोगी वाचविण्याची कला त्या देशाने कमालीची वाढविली. २०२१ पासून वजन उतरविणाऱ्या नव्या इंजेक्शनांची तेथे मोठी चलती आहे.

फ्रान्सचे कोडे त्याहून मौजेचे. लोणी आणि चीज खाणाऱ्या फ्रेंचांना हृदयविकार कमी कसा, अशी चर्चा १९९१ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर झाली आणि तांबड्या मद्याचा खप तेथे एकदम वाढला. मद्याला मिळालेले ते प्रशस्तिपत्र पुढील संशोधनात टिकले नाही. फ्रेंच माणूस ठरल्या वेळी, बसून, लहान वाढप घेऊन जेवतो आणि मधल्या वेळी सहसा चरत नाही, याकडे मात्र कोणी विशेष लक्ष दिले नाही. २००५ पासून फ्रान्सच्या शाळांतून खाऊ-पेयांची स्वयंचलित यंत्रे कायद्याने हटविण्यात आली.

जपानकडे केवळ कौतुकाने पाहण्याची प्रथा आहे, परंतु जपानही एकेकाळी आजारीच होता. १९५१ पासून १९८० पर्यंत तेथील मृत्यूंचे पहिले कारण पक्षाघात हे होते. त्याचे मूळ मिठात होते. बर्फाळ प्रदेशांत हिवाळाभर खारवलेल्या भाज्या, सोयाबीनच्या खारट मिसोचे सूप आणि खारे मासे यांवर लोक जगत. डोंगराळ नागानो प्रांतात पक्षाघाताचे प्रमाण फार मोठे होते. साकू येथील रुग्णालयाचे डॉक्टर तोशिकाझू वाकात्सुकी खेडोपाडी जाऊन तपासण्या करीत आणि संध्याकाळी गावकऱ्यांपुढे आरोग्यविषयक नाटके सादर करीत. पुढे स्वयंसेविकांची फळी उभी राहिली. त्या घरोघरी जाऊन सूपातील मिठाचे प्रमाण उपकरणाने मोजीत. १९९० मध्ये पुरुषांच्या आयुर्मानात नागानो देशात पहिला आला, आणि २०१० च्या गणनेत स्त्री व पुरुष दोहोंतही पहिला ठरला.

याच्या नेमकी उलट कथा ओकिनावाची. रताळी हे या बेटांचे मुख्य अन्न. एकेकाळी निम्म्याहून अधिक पोषण त्यातूनच मिळे, आणि शतायुषी वृद्धांसाठी ही बेटे प्रसिद्ध होती. १९४५ ते १९७२ या काळात तेथे अमेरिकेचा अंमल होता. डबाबंद मांस आले. झटपट-खाद्याचे अमेरिकी दुकान जपानच्या मुख्य भूमीच्या आधी, १९६३ मध्ये, तेथे उघडले. १९८५ मध्ये ओकिनावाचे पुरुष आयुर्मानात देशात पहिले होते, २००० च्या गणनेत ते २६ व्या क्रमांकावर घसरले. आजोबा नव्वदीत शेतात आणि नातू पन्नाशीत रुग्णालयात, असे दृश्य तेथील घरांनी पाहिले. दोष रक्ताचा नव्हता. १९६५ पासून हिरोशिमा-नागासाकी, होनोलुलू आणि सॅन फ्रान्सिस्को येथील जपानी वंशाच्या पुरुषांची तुलना करण्यात आली, तेव्हा हृदयविकार मायदेशी सर्वांत कमी, हवाईत मध्यम आणि कॅलिफोर्नियात सर्वाधिक आढळला होता.

जपानने २००५ मध्ये आहारशिक्षणाचा कायदा केला. शाळेत सर्व मुलांना एकच ताजे जेवण मिळते आणि मुलेच ते वाढतात. २००८ पासून ४० ते ७४ वर्षे वयाच्या नागरिकांच्या कंबरेचे माप आरोग्य-तपासणीत घेतले जाते. पुरुषांसाठी ८५ आणि स्त्रियांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा. एवढी गोष्ट शिंप्याला कोणत्याही सरकारच्या आधी कळलेली असते. जपानमध्ये स्थूल प्रौढांचे प्रमाण सुमारे चार टक्के आहे. मिठाची सवय मात्र पुरती सुटलेली नाही. जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि जपानी माणूस अजूनही दहाच्या आसपास आहे.

हे सारे परदेशांचे झाले. तथापि एक धागा पुण्यापर्यंत पोहोचतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी तुलना केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार इंग्लिश बाळाचे सरासरी वजन साडेतीन किलो, आपल्याकडच्या बाळाचे २.७ किलो. परंतु वजनाच्या मानाने त्वचेखालची चरबी आपल्या बाळात राखलेली होती आणि उणीव स्नायूंत व अवयवांत होती. दिसायला कृश, आतून मेदयुक्त, असा हा देह. म्हणूनच २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी वजन-उंचीच्या निर्देशांकाची सावधगिरीची रेषा २५ ऐवजी २३ सुचविली. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीयांत मधुमेहाचे प्रमाण गोऱ्या शेजाऱ्यांच्या कितीतरी पट आढळते, आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेली घरेही आहेत. तळलेले फरसाण, साखरेचा पाक आणि वनस्पती तूप यांत मांसाचा कण नसतो, तरीही त्यांचा हिशेब शरीर वेगळ्या खात्यावर मांडीतच असते.

फिनलंडचे पुढे काय झाले, हे सांगून हे विवेचन आवरते घेणे योग्य होईल. २०१० च्या सुमारास उत्तर युरोपात कमी पिठूळ आणि अधिक चरबीयुक्त आहाराची टूम आली. डिसेंबर २०११ मध्ये, ऐन नाताळात, नॉर्वेच्या दुकानांत लोणी मिळेनासे झाले, इतका त्याचा खप वाढला होता. फिनलंडमध्ये दर पाच वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय पाहणीत १९७२ पासून सतत उतरत आलेले कोलेस्टेरॉल २०१२ मध्ये प्रथमच वर चढलेले आढळले. ज्यांनी आपल्या वडिलांना चाळिशीत दफन केले होते ती पिढी तोवर वृद्ध झाली होती, आणि लोणी पुन्हा विकत घेणाऱ्या तरुणांपैकी पुष्कळांचा जन्म विनंती-अर्जावर सह्या झाल्यानंतरचा होता.